प्रश्न पडला म्हणून ईमान जात नाही

मगरिबची अजान व्हायला दोन मिनिटे उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कापलेली केळी, गरम भजी, सरबताचा जग. घरातले सगळे हात दुआसाठी उठतात. जळगाव-धुळ्याच्या अनेक घरांत त्या हातांमध्ये दोन हात असे असतात, जे इतरांबरोबर उठतात खरे, पण त्यामागचे मन कुठेतरी अडखळलेले असते. मुलगा कॉलेजात विज्ञान शिकतो. किंवा मुलगी, जिने गेल्या वर्षी रात्ररात्र दुआ मागूनही दादी वाचली नाही. रोजा दोघेही धरतात. पण सहरीनंतर अंथरुणावर पडले की एकच प्रश्न समोर येतो : मी या घरात जन्मलो म्हणून हा धर्म मला खरा वाटतो का? शेजारच्या घरात जन्मलो असतो तर?

हा प्रश्न मोठ्याने विचारला, तर बहुतेक घरांत उत्तर एकच मिळते, “तौबा कर!” अम्मी घाबरलेली असते, अब्बांना चार लोक काय म्हणतील याची धास्ती असते. विषय तिथे संपतो. प्रश्न मात्र मुलाबरोबर त्याच्या खोलीत जातो. मुस्लिम घरात ‘तौबा’ म्हणतात, हिंदू घरात ‘असं बोलू नये, पाप लागतं’ म्हणतात, एवढाच काय तो फरक.

गंमत अशी, की ज्या परंपरेच्या नावाने हे तोंड बंद केले जाते, ती परंपरा स्वतः प्रश्नाला इतकी घाबरत नाही. बकरी ईदमुळे हजरत इब्राहीम (अ.) सर्वांना ठाऊक आहेत. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकरामध्ये, ते अल्लाहलाच विचारतात, की मेलेल्यांना तू जिवंत कसे करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असे त्यांना विचारले जाते. विश्वास आहे, पण मनाला स्वस्थता हवी, असे ते सांगतात. यावर त्यांना रागावले जात नाही, चार पक्ष्यांच्या दृष्टांताने उत्तर मिळते. हदीसमध्येही असा प्रसंग आहे. काही सहाबी, म्हणजे प्रेषितांचे सोबती, येऊन म्हणाले, की आमच्या मनात असे विचार येतात जे उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. त्या विचारांनी तुम्ही अस्वस्थ होता, हीच ईमानाची खूण, असा दिलासा दिला.

पुढे इमाम गझाली आले. १०९१ मध्ये, वयाच्या तिशीत, ते बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक झाले. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी लिहून ठेवले आहे, की एकदा सुमारे दोन महिने डोळ्यांना दिसते त्यावर आणि बुद्धीला पटते त्यावरही त्यांचा भरवसा उरला नव्हता. नंतर १०९५ मध्ये आपण हे सारे कीर्तीसाठी शिकवतो आहोत का, या प्रश्नाने त्यांना असे घेरले, की वर्गात वाचा फुटेना आणि घास गिळवेना. हकिमांनी सांगितले, दुखणे मनाचे आहे. गझालींनी नोकरी सोडली. दमास्कस, जेरुसलेम, मक्का अशी वाट धरली. पुन्हा शिकवायला ते ११०६ मध्ये उभे राहिले. मधली ११ वर्षे त्यांनी वाया गेली असे मानले नाही.

इतके दूर जायचे नसेल, तर आपल्याच महाराष्ट्रातला अहमदनगरचा किल्ला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद तिथे कैदी म्हणून आले. मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. वडील पीर होते, मोठा मुरीदवर्ग होता. सोळाव्या वर्षीच पारंपरिक धार्मिक अभ्यासक्रम संपवलेला हा मुलगा पुढे गादी चालवणार, असेच सर्वांनी धरले होते. त्याच वयात त्याला प्रश्न पडू लागले. सगळे पंथ एकाच स्रोताचे नाव घेतात, मग एकमेकांना चुकीचे का ठरवतात? धर्म जर सत्य सांगतो, तर धर्माधर्मांत भांडण का? दोन-तीन वर्षे ही तगमग चालली आणि वारशाने मिळालेल्या समजुतींची सारी बंधने गळून पडली. ‘आझाद’ हे टोपणनाव त्यांनी त्याच काळात घेतले. पुढे देशभर ज्या नावाने ते ओळखले गेले, त्या नावाचा उगम त्यांच्या संशयात आहे.

मौलाना परतले, पण जुन्या जागी नाही. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ‘तर्जुमानुल कुराण’मध्ये त्यांनी मांडले, की दीनचा गाभा सर्वत्र एक असून विधी आणि नियम काळानुसार वेगळे झाले. तरुणपणी पडलेल्या प्रश्नाला प्रौढपणी दिलेले हे उत्तर होते. अहमदनगरच्या कैदेत या श्रद्धेची पुन्हा परीक्षा झाली. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांची शेवटची भेटही झाली नाही. तिथे लिहिलेली, न पाठवलेली पत्रे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापली गेली. तत्त्वज्ञान शंका उभ्या करते, विज्ञान पुरावे देते, पण दुःखात आधार कुठून येतो, याचा शोध त्यांत आहे. त्याच किल्ल्यात जवाहरलाल नेहरू होते. कर्मकांडी धर्मावर त्यांचा विश्वास नव्हता. पण तिथे लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या प्रस्तावनेत ज्या चार सोबत्यांचे त्यांनी खास आभार मानले, त्यांत मौलाना होते.

खान्देशालाही ही परंपरा परकी नाही. अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले. साने गुरुजी आधी तिथे शिकायला आले, मग तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. गीतेचीही सुरुवात अर्जुनाच्या शंकेनेच होते. विनोबांनी पुढे कुराणाचे सार काढले आणि साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिले. दुसऱ्याच्या धर्माबद्दल प्रश्न पडले तेव्हा या दोघांनी तो धर्म वाचून पाहिला.

प्रत्येक शंका गझालींसारखी परतीच्या वाटेने जाते, असे मात्र नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई परतले नाहीत. १९६६ मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेणारे आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे दलवाई श्रद्धेपासून दूर झाले, समाजापासून नाही. त्यांची सगळी मते पटोत न पटोत, ज्या स्त्रियांसाठी ते झगडले त्यांचे दुःख खरे होते.

मग घरातल्या त्या मुलाने, त्या मुलीने काय करावे? आधी शंका कोणत्या जातीची आहे ते ओळखावे. वुजू बरोबर झाले की नाही म्हणून दहादा हात धुणे, नको तेच विचार पुन्हा पुन्हा येणे, याला आपल्याकडे वस्वसा म्हणतात. ते थांबतच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. कुणी मेल्यामुळे उठलेला प्रश्न हा बहुधा शोक असतो. त्याला दलील नको, सोबत हवी. धार्मिक म्हणवणाऱ्या माणसाच्या वागण्याने मन उडाले असेल, तर ती तक्रार त्या माणसाविरुद्ध आहे, हे स्वतःशी स्पष्ट करावे. आणि प्रश्न खरोखर बुद्धीचा असेल, तर वाचावे, जाणत्याला विचारावे. ‘मला माहीत नाही’ म्हणू शकणारा आलिम सापडला, तर त्याला सोडू नये. निर्णयाची घाई करू नये. मौलानांना वर्षे लागली, गझालींनाही लागली.

आईवडिलांचे काम त्याहून सोपे आणि त्याहून अवघड आहे. ऐकायचे. उत्तर आले नाही तरी चालेल. मूल प्रश्न घरात विचारते आहे, याचा अर्थ त्याचा घरावर अजून भरवसा आहे. तो गेला, तर नंतर धर्म सांगायलाही कुणी समोर उरत नाही.

रमजानचे शेवटचे दहा दिवस येतात. काही जण मशिदीत इतिकाफला बसतात, बाकीचे घरी रात्र जागवतात. त्या रात्री अब्बांनी मुलाला हाक मारावी, चहाचा कप पुढे करावा आणि म्हणावे, “बस बेटा. तू त्या दिवशी काहीतरी विचारत होतास.”