दहा राग, एक ठेका : श्रोत्यांच्या मतभेदांची मीमांसा

एकाच ध्वनिमुद्रिकेविषयी श्रोत्यांची मते परस्परविरुद्ध पडली, की ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून आपण तो प्रश्न निकालात काढतो. हा निकाल घाईचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मतभेदाचे मूळ पुष्कळदा आवडीच्याही अलीकडे, प्रत्यक्ष ऐकण्याच्या क्रियेतच असते. मुंबईत तयार झालेल्या एका तबकडीच्या आधारे हा मुद्दा येथे स्पष्ट करावयाचा आहे.

हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजीत सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली व एच. एम. व्ही. या मुद्रेखाली ती प्रसिद्ध झाली. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग तीत आहेत. तबल्याची साथ मात्र नाही. रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८ या यंत्रावर रागाचे स्वर, टी. बी. ३०३ वर खर्जातील स्वरावली आणि टी. आर. ८०८ वर अखंड एका लयीचा ठेका, अशी ही रचना आहे. तबकडीची विक्री अल्प झाली व ती विस्मृतीत गेली. २०१० साली नेदरलँड्समधून ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले. शिकागोच्या ‘फ्युचर’ या वादकगटाने १९८७ मध्ये काढलेल्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ने जी नृत्यसंगीताची शैली रूढ केली, तिच्याशी या तबकडीचे विलक्षण साम्य होते. काहींना तर ही कोणी अलीकडे केलेली बनवेगिरी वाटली.

रागसंगीतात मुरलेला श्रोता या तबकडीला निर्जीव म्हणतो, तर नृत्यसंगीताच्या श्रोत्याला ती अत्यंत सजीव वाटते. असे का व्हावे? भाषाशास्त्रात याला समांतर असा अनुभव सुपरिचित आहे. ‘जग’ (विश्व) आणि ‘जग’ (जिवंत राहा) या दोन शब्दांतील तालव्य व दंततालव्य ‘ज’ मराठी माणूस सहज वेगळे ओळखतो. ज्याच्या मातृभाषेत हा भेद अर्थभेदक नाही, त्याच्या कानावर ध्वनी तेच पडतात. पण भेद त्याच्या ध्यानी येत नाही. परभाषेचे ध्वनी आपण स्वभाषेच्या चाळणीतून ऐकतो, हे त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात मांडलेले तत्त्व येथेही लागू पडते.

भैरवात रिषभ व धैवत कोमल. बैरागीत रिषभ व निषाद कोमल, गंधार व धैवत वर्ज्य. रागज्ञ श्रोत्याला हा भेद प्राणभूत आहे. नृत्यसंगीताच्या श्रोत्याला दोन्ही केवळ ‘पौर्वात्य’ वाटतात. त्याचे लक्ष असते ते ध्वनीच्या पोताकडे. टी. बी. ३०३ वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. रागज्ञ तिला मींड समजून ऐकतो आणि निराश होतो. कारण गायकाची मींड रागानुसार लांबते वा आखडते, यंत्राची घसरण मात्र दर वेळी ठरावीक काळातच संपते. नेमका हाच ठरावीकपणा दुसऱ्या श्रोत्याला मोह घालतो. म्हणजे दोघांनी एकाच ध्वनीचे मूल्यमापन केलेले नाही. दोघांनी दोन भिन्न वस्तू ऐकल्या आहेत.

तिसरे मत इतिहासाचा आधार घेणाऱ्यांचे. त्यांच्या लेखी ही तबकडी म्हणजे त्या शैलीचा पहिला आविष्कार होय. येथे भाषाशास्त्राचा दुसरा धडा स्मरावा. ‘बदनाम’मधील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांत ध्वनिसाम्यही आहे आणि अर्थसाम्यही. तरी दोहोंत नाते नाही. साम्यावरून वंश सिद्ध होत नाही. ही तबकडी शिकागोच्या वादकांनी ऐकली होती असा पुरावा नाही. समान यंत्र व त्याच्या समान मर्यादा एवढ्यानेच साम्याची उपपत्ती लागते.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. ‘अग्रदूत’ ही पदवी गौरवाची भासते खरी. परंतु तीमुळे चरणजीत सिंगांचे काम दुसऱ्याच कोणाच्या संगीताची प्रस्तावना ठरते. त्यांनी स्वतः आपला हेतू साधा सांगितला आहे : चित्रपटांतून डिस्कोचा सुकाळ होता, तेव्हा तबला वगळून त्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत. म्हणून यंत्राच्या अचल लयीत आणि ठरावीक घसरणीत राग कोठवर ओळखू येतो, कोठे हरवतो, हाच या तबकडीला विचारावयाचा मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर देण्यास दोन्ही चाळण्या आळीपाळीने वापरता येणारा श्रोता हवा. परभाषेचा ध्वनिभेद सरावाने कानी बसतो; तसा हा श्रोताही घडविता येईल.