अध्यापनासाठी चित्रफीत-संकलन : सॉफ्टवेअरची निवड आणि स्वतःची कार्यपद्धती

बीजसंज्ञा : संकलन, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, प्रकल्प-फाइल, युनिकोड देवनागरी, जतन.

प्रस्तावना :

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा प्राध्यापकाकडे विषय मांडण्याचे आणि कॅमेऱ्यासमोर बोलण्याचे काम असे. चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि संकलन ही कामे आयोगाच्या माध्यम केंद्रांतील तंत्रज्ञ करीत. पुण्यातील केंद्र हे त्यांपैकीच एक होय. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि श्रमांची ही विभागणी एकाएकी मोडली. ज्यांनी कधी कॅमेरा हाताळला नव्हता अशा अध्यापकांनी घरातल्या खोलीत, पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल टेकवून व्याख्याने मुद्रित केली आणि जे सॉफ्टवेअर हाताशी आले त्यात ती कापली-जोडली.

त्या श्रमांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आता विचारावयास हवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमांची फेररचना झाली. चाळीस मिनिटांच्या एखाद्या व्याख्यानातील तीनच मिनिटे बदलावयाची असतात. परंतु अध्यापक संगणक उघडतो तेव्हा प्रकल्प-फाइल उघडत नाही, ती उघडणारे सॉफ्टवेअर त्या संगणकावर राहिलेले नसते, किंवा मोबाइलमध्ये जागा व्हावी म्हणून मूळ चित्रण पुसून टाकलेले असते. हाती उरते ती केवळ तयार चित्रफीत. तिच्यात बोलण्याखाली संगीत मिसळलेले आणि पडद्यावर जुन्या अभ्यासक्रमाची नावे छापलेली. मग सारे व्याख्यान पुन्हा मुद्रित करणे एवढाच मार्ग राहतो, आणि बहुधा ते होत नाही. सॉफ्टवेअर निवडताना 'कोणते सर्वांत चांगले?' असा प्रश्न सर्रास विचारला जातो. त्याऐवजी 'पाच वर्षांनी दुरुस्ती करावी लागली तर काय होईल?' असे विचारले तर निवड बरीच सोपी होते, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

संकलनात नेमके काय घडते :

मराठीतील 'संकलन' हा शब्द थोडा फसवा आहे. त्यातून गोळा करण्याचा अर्थ सूचित होतो. चित्रपटाच्या टेबलावर मात्र मुख्य काम टाकून देण्याचे असते. चित्रफितीच्या काळात एका फितीवरून दुसऱ्या फितीवर क्रमाक्रमाने दृश्ये उतरवीत जावे लागे. सुरुवातीच्या एका दृश्याची लांबी बदलली की त्यापुढील सारे पुन्हा उतरविणे आले. संगणकीय संकलनाने ही अडचण दूर केली. कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही क्रमाने बदल करता येऊ लागला.

हे शक्य होते ते एका साध्या तत्त्वामुळे. संकलनाचे सॉफ्टवेअर मूळ चित्रणाला हातच लावत नाही. अमुक फाइलमधील तिसऱ्या मिनिटापासून चौथ्या मिनिटापर्यंतचा भाग घ्यावा, त्यापुढे तमुक चित्र ठेवावे, आवाज इतका वाढवावा, अशा सूचनांची यादी ते प्रकल्प-फाइलमध्ये लिहून ठेवते. ग्रंथालयातील तालिका-पत्राशी तिची तुलना करता येईल. त्या पत्रावर पुस्तक नसते, पुस्तकाचा पत्ता असतो. कपाट हलविले की पत्ता निरुपयोगी ठरतो. 'फाइल सापडत नाही' असा लाल पडदा पाहून अनेक अध्यापकांना आपले काम नष्ट झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात केवळ कपाट हललेले असते. ही एक गोष्ट नीट उमगली की पुढील कार्यपद्धतीचा अर्धा भाग आपोआप ठरतो.

निवडीचे निकष :

साधनाच्या किमतीवरून कामाचा दर्जा ठरत नाही, याचे उदाहरण चित्रपटसृष्टीतच आहे. वॉल्टर मर्च यांनी 'कोल्ड माउंटन' (२००३) या मोठ्या चित्रपटाचे संकलन 'फायनल कट प्रो' या त्या काळी तुलनेने स्वस्त असलेल्या सॉफ्टवेअरवर केले. परंतु याच सॉफ्टवेअरची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. २०११ मध्ये त्याची पूर्णतः नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात जुन्या आवृत्तीतील प्रकल्प उघडत नव्हते. 'विंडोज मूव्ही मेकर' अनेकांनी याच कामासाठी शिकून घेतले होते. त्याचे अधिकृत वितरण जानेवारी २०१७ मध्ये थांबले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ मोबाइल ॲपवर बंदी घातली, त्यांत 'व्हिवा व्हिडिओ' हे संकलनाचे ॲपही होते. ॲडोबी कंपनीने २०१३ पासून आपली नवी सॉफ्टवेअरे वर्गणीवर द्यावयास प्रारंभ केला. वर्गणी थांबली की प्रकल्प उघडता येत नाही. ही चारही साधने आपापल्या जागी सक्षम होती. कारणे व्यापारी होती, तांत्रिक होती, राजकीयही होती. वापरणाऱ्याच्या हाती त्यांपैकी एकही नव्हते.

या दृष्टीने पाहता केडेनलाइव्ह आणि शॉटकट यांसारखी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे अध्यापकाच्या अधिक उपयोगाची ठरतात. ती विनामूल्य आहेत, विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतात, आणि त्यांची प्रकल्प-फाइल ही साध्या मजकुराची फाइल असते. सॉफ्टवेअर उघडले नाही तरी ती नोटपॅडमध्ये वाचून कोणते चित्रण कोठे वापरले होते हे कळू शकते. 'दा विंची रिझॉल्व्ह'ची विनामूल्य आवृत्ती त्यांच्यापेक्षा कितीतरी समर्थ आहे, विशेषतः रंग-संस्करणात. परंतु तिला भरपूर मेमरी आणि बरे ग्राफिक्स कार्ड लागते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ८ जीबी मेमरीच्या संगणकावर ती अडखळते, आणि व्याख्यानाच्या चित्रफितीला रंग-संस्करणाची गरज क्वचितच असते. ज्याच्याकडे चांगला संगणक आहे व शिकण्याची हौस आहे त्याने ती अवश्य शिकावी. मोबाइलवरील काइनमास्टरसारखी ॲप छोट्या सूचनापर चित्रफितींना पुरेशी आहेत. सत्रभराच्या व्याख्यानमालेचा भार त्यांच्यावर टाकू नये.

देवनागरीची कसोटी :

इंग्रजी पुस्तकांतून आणि प्रशिक्षण वर्गांतून न सांगितला जाणारा एक निकष मराठी अध्यापकाच्या दृष्टीने निर्णायक आहे. देवनागरीत अक्षरे केवळ एकापुढे एक ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण व्यंजनाच्या आधी लिहावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरांचे आकार बदलतात. ही जुळणी करणारी यंत्रणा ज्या सॉफ्टवेअरमध्ये नसते त्यात शीर्षके तुटकी दिसतात. विद्यार्थ्यासमोर 'विद्यार्थी' हा शब्दच मोडका झळकावा यापरते दुर्दैव कोणते!

म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वी त्यात पुढील वाक्य टंकलिखित करून पाहावे : 'दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी संत वाङ्मयातील श्रद्धा, दृष्टांत व कुऱ्हाडीचे रूपक अभ्यासावे.' यात ऱ्हस्व वेलांटी, रफार, खास मराठी अर्धा 'ऱ', 'ङ्म', 'श्र', 'द्ध', 'दृ', 'ष्ट' इतके सारे येते. हे वाक्य निर्दोष उमटले तर इतर बहुतेक मजकूर उमटेल. ॲडोबी प्रीमियरमध्ये वाक्य बिघडलेले दिसल्यास प्राधान्यक्रमांत जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचे मजकूर-यंत्र निवडावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांनी ते सॉफ्टवेअर नाकारले असेल.

यावर युनिकोडपूर्व फॉन्ट वापरण्याचा एक जुना तोडगा प्रचारात आहे. त्याने शीर्षक पडद्यावर नीट दिसते, परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचा असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर प्रकल्प उघडला की सारी शीर्षके अगम्य होतात. त्यापेक्षा शीर्षक इम्प्रेस किंवा पॉवरपॉइंटमध्ये युनिकोडात तयार करून त्याचे चित्र वापरणे बरे. मात्र ती मूळ स्लाइडही प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवावी, अन्यथा एक अनुस्वार राहिला तरी सारे पुन्हा करावे लागेल.

कार्यपद्धती :

चांगल्या संकलनाची सुरुवात चित्रीकरणापूर्वी होते. चाळीस मिनिटांचे व्याख्यान एका दमात मुद्रित न करता आठ-दहा मिनिटांच्या स्वतंत्र घटकांत मुद्रित करावे. 'मागील तासाला आपण पाहिले', 'पुढच्या सोमवारी' असे उल्लेख टाळावेत, कारण त्यामुळे घटक एकमेकांत अडकतात आणि त्यांतील एखादा बदलता येत नाही. वर्गात प्रतिप्रश्नांच्या ओघात जे स्वाभाविक असते तेच येथे अडसर ठरते.

मोबाइलवरील चित्रणाचा एक दोष बहुतेकांना संकलनाच्या वेळीच कळतो. प्रकाश कमी झाला की मोबाइल दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या आपोआप बदलतो. काही सॉफ्टवेअरे ती स्थिर आहे असे गृहीत धरतात. परिणामी व्याख्यानाच्या अखेरीस ओठ आणि शब्द यांची फारकत होते. शक्य असल्यास कॅमेऱ्याचे असे ॲप वापरावे ज्यात फ्रेमची संख्या स्थिर ठेवता येते. शक्य नसल्यास हँडब्रेक या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये 'स्थिर फ्रेमदर' हा पर्याय निवडून चित्रण रूपांतरित करून घ्यावे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दर सेकंदाला २५ फ्रेम व शटर १/५० सेकंद ठेवल्यास प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात. ३० फ्रेम व १/६० शटर ठेवल्यास हे गणित चुकते आणि भिंतीवर सरकते पट्टे दिसतात.

आवाजाबाबत अधिक दक्षता हवी. चित्र थोडे अंधूक असले तरी विद्यार्थी ऐकत राहतो. आवाज अस्पष्ट असेल तर तो निघून जातो. मुद्रण संपल्यावर त्याच खोलीत, काही न बोलता, अर्धा मिनिट मुद्रण चालू ठेवावे. छताचा पंखा, बाहेरची वर्दळ, खोलीचा स्वतःचा असा एक आवाज असतो. वाक्यांमधून खोकला किंवा चूक काढून टाकल्यावर जी पोकळी राहते तीत हा आवाज भरला की कापलेली जागा कानाला कळत नाही. पूर्ण शांतता मात्र लगेच खटकते. मुळात मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा हे खरेच, पण मे महिन्यात विदर्भातील अध्यापकाला तसे सांगणे निर्दयपणाचे होईल.

प्रत्यक्ष संकलनाची पहिली फेरी संगणकाला हात न लावता करावी. सारे चित्रण एकदा पाहावे आणि वहीत वेळ व शेरा लिहावा. कापण्याची घाई केली की आपण बोललेले प्रत्येक वाक्य आवश्यक वाटू लागते. दुसऱ्या फेरीत केवळ आवाज ऐकून वाक्यांचा क्रम लावावा. वाक्य कापल्याने वक्त्याच्या चित्रात उडी येते. तिसऱ्या फेरीत तेथे नकाशा, समीकरण, हस्तलिखिताचे पान असे काही ठेवून ती झाकावी. शीर्षके सर्वांत शेवटी घालावीत. कळफलकावर 'जे', 'के', 'एल' या कळांनी मागे, थांबा, पुढे अशी चाल करण्याची सोय बहुतेक सर्व सॉफ्टवेअरांत समान आहे. हाताला ही सवय लागली की सॉफ्टवेअर बदलण्याचे भय उरत नाही.

जतन :

प्रत्येक घटकासाठी एकच फोल्डर असावे व त्यात मूळ चित्रण, ध्वनी, चित्रे, स्लाइड आणि प्रकल्प-फाइल एकत्र असावीत. काम सुरू झाल्यावर आतील फाइलींची नावे बदलू नयेत. चित्रणाचा वेग सेकंदाला १७ मेगाबिट धरल्यास चाळीस मिनिटांना सुमारे ५ जीबी जागा लागते. सत्राची पंधरा व्याख्याने ७५ जीबीत मावतात. चित्रण पुसून टाकण्याइतकी जागा आता महाग राहिलेली नाही. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत हा संगणकशास्त्रातील परिचित नियम येथेही पाळावा. विभागप्रमुखांच्या कपाटातील हार्ड डिस्क ही दुसरी इमारत होऊ शकत नाही.

तयार चित्रफीत दोन रूपांत काढावी. एक विद्यार्थ्यांसाठी, शीर्षके व संगीतासह. दुसरी या दोन्हींविना, शक्य तितक्या उच्च दर्जाची. चित्रपट व्यवसायात परदेशी भाषांतील आवृत्तींसाठी अशी मजकूरविरहित प्रत नेहमी राखली जाते. अध्यापकाला ती अभ्यासक्रम बदलल्यावर उपयोगी पडते. प्रकल्प-फाइल उद्या उघडली नाही तरी या प्रतीतून तीन मिनिटे काढून नवी बसविता येतात, मग सॉफ्टवेअर कोणतेही असो. फोल्डरमध्ये शेवटी साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी : मुद्रणाची तारीख, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, वापरलेले फॉन्ट, बाहेरून घेतलेली चित्रे व त्यांची अनुमती, आणि कोणत्या मिनिटाला असा उल्लेख आहे जो अभ्यासक्रमाबरोबर जुना होईल. सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून व्याख्यानमाला स्वीकारणाऱ्या अध्यापकाने प्रथम हीच फाइल मागून घ्यावी. ती नसल्यास निरोप समारंभापूर्वी त्यांच्याशेजारी बसून लिहून घ्यावी.