दोन मिनिटांचा अंतू बर्वा

पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. त्यानंतर जन्मलेली मुले आता नोकरीला लागली. तरीही सकाळचा चहा होण्यापूर्वी कुणा ना कुणाच्या मोबाइलवर अंतू बर्वा हजर असतो. दीड-दोन मिनिटांचा तुकडा, आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा. आवडलेला विनोद एकट्याने पचत नाही, तो कुणाला तरी ऐकवावाच लागतो, ही आपली जुनी खोड. ऐकवण्याची रीत मात्र पार पालटली.

ऐंशीच्या दशकात ऐकवणे म्हणजे कॅसेट देणे. ६० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ३० मिनिटे. पुलं, द. मा. मिरासदार, शंकर पाटील यांची कथाकथने अशी घरोघर फिरली. ज्याच्याकडे दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर, तो गल्लीतला सावकार. त्याच्याकडे कोरी कॅसेट नेऊन द्यायची आणि चार दिवस वाट पाहायची. (हक्क वगैरे गोष्टी एरवी पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बँकेतल्या मंडळींच्याही मनाला शिवत नसत.) उसनी दिलेली कॅसेट परत येताना फीत गुंतलेली असे, मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचे.

पण हवा तेवढाच विनोद त्यातून काढून देता येत नसे. पुढे पळवावी तर नेमकी जागा चुकायची, म्हणून सगळे मुकाट्याने पहिल्यापासून ऐकत. ज्याला पाठ असे तो वाक्य यायच्या आधीच हसू लागे आणि बाकीचे त्याला दटावत. ऐकवणाऱ्याचे लक्ष टेपकडे नसेच. ते असे प्रथमच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे.

अंतूशेटचेच पाहा. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो नुसत्या हशांवर मिळाला असेल असे मला वाटत नाही. त्यातला हा रत्नागिरीचा म्हातारा खवचटपणात कुणाला हार जात नाही. गांधी-नेहरूही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. हे तुकडे हातोहात खपतात. पण कथा शेवटाकडे येते तेव्हा हाच माणूस गेलेल्या बायकोविषयी आणि दारातल्या न मोहरणाऱ्या आंब्याविषयी बोलू लागतो, आणि इतका वेळ आपण कुणाला हसत होतो ते ऐकणाऱ्याला उमगते. तो भाग मला आजवर कुणीही पाठवलेला नाही. ‘नारायण’चेही तेच. लग्नघरातली त्याची धावाधाव सर्वांना पाठ. मुलगी सासरी निघताना रडणारा नारायण तुकड्यात मावत नाही. अर्धा नारायण ऐकून वाढलेल्या मुलांना पुलं म्हणजे केवळ कोट्या करणारे गृहस्थ वाटले, तर दोष कुणाला द्यायचा?

व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार पुढे ढकललेल्या मजकुराला दोन बाणांची खूण असते. एप्रिल २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही अट आली अफवांसाठी, लागली विनोदालाही. मला ती आवडते. एकच माणूस निवडायचा म्हटले की हा विनोद नेमका कुणाचा, याचा घटकाभर विचार करावा लागतो.

अलीकडे पॉडकास्ट नावाच्या तासा-दीड तासाच्या गप्पा मराठीतही पुष्कळ होतात. त्यांचेही तुकडे फिरतात. माझी एक भाची मात्र सबंध गप्पांचा दुवा पाठवते आणि खाली लिहिते, ‘४२व्या मिनिटापासून ऐका.’ आम्ही दोघे पहिल्यापासूनच लावतो. परवा गवार मोडता मोडता सगळा तास ऐकला. ४२वे मिनिट कधी येऊन गेले ते कळलेच नाही. हसलो ते भलत्याच जागी. तसे तिला कळवले, तर लगेच फोन आला, ‘‘मामा, कुठे हसलात ते आधी सांगा.’’