घेरी आली तर आधी ईसीजी

दिवाळीच्या तोंडावर वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी, बाजार आणि हरभऱ्याची पेरणी यांची एकच घाई असते. अशा दिवसांत घरातलं वयस्कर माणूस बांधावर घेरी येऊन पडलं, की ‘उन्हानं झालं असेल’, ‘अशक्तपणा आहे’ असं म्हणून सलाइन लावलं जातं. दोन दिवसांत बरं वाटतं आणि विषय मागे पडतो. पण अचानक शुद्ध हरपणं, आपोआप भानावर येणं आणि काही दिवसांनी पुन्हा तसंच होणं, हे हृदयाची गती बिघडल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर खात्रीचा इलाज आहे. मात्र आजार ओळखला गेला पाहिजे.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी तिथून मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा विजेचा सूक्ष्म इशारा निघतो, वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकतो आणि खालच्या कप्प्यांत पसरतो. वयोमानानं ही वाट खराब होऊ लागते. इशारा वाटेतच अडला, तर तो हार्ट ब्लॉक. रक्तवाहिनीत चरबी साचून होणारं ब्लॉकेज वेगळं. तिथे स्टेंट लागतो, इथे पेसमेकर.

पूर्ण ब्लॉक झालेल्या रुग्णाची ईसीजीची पट्टी पाहावी. वरच्या कप्प्यांच्या लहान लाटा आपल्या गतीनं चाललेल्या असतात, खालच्या कप्प्यांचे उंच सुळके चाळिसाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि दोघांचा एकमेकांशी काहीच मेळ नसतो. हे दिसायला काही मिनिटं पुरतात. मात्र ब्लॉक येऊन-जाऊन असेल, तर एक ईसीजी चांगला निघाला म्हणून निर्धास्त राहू नये. 24 तास नोंद ठेवणारी होल्टर तपासणी करावी लागते.

पेसमेकर बसवताना बहुधा फक्त जागा बधिर करतात. डाव्या हासळीच्या हाडाखाली छोटा छेद घेऊन शिरेतून बारीक तार हृदयात सरकवतात आणि तिचं टोक आतल्या भिंतीत रुतवतात. काही ग्रॅम वजनाचं यंत्र कातडीखाली बसतं. लाइट गेली की इन्व्हर्टर सुरू व्हावा, तसं ते हृदयाचा स्वतःचा ठोका चुकला तरच इशारा देतं. असं पहिलं यंत्र 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवलं गेलं. ते काही तासच चाललं. पण पुढे यंत्रं बदलत लार्सन 2001 पर्यंत जगले.

गती जीवघेणी वाढण्याचा धोका असेल, तर झटका देऊन ती ताळ्यावर आणणारं आयसीडी लागतं. हृदय दुबळं होऊन त्याचे डावे-उजवे भाग मागेपुढे आकुंचन पावत असतील, तर दोन्हींना एकत्र चालवणारं सीआरटी. नुसत्या उजव्या कप्प्यातल्या तारेनं काही रुग्णांचं हृदय कालांतरानं आणखी थकतं. म्हणून हृदयाच्या मूळ वाहक धाग्यालाच, म्हणजे हिस बंडलला, इशारा देण्याची पद्धत आली. अमेरिकेत काम करणाऱ्या डॉ. प्रमोद देशमुख यांनी 2000 मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात तिचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला.

विज्ञान पुढे गेलं, तरी किंमत आडवी येत होती. मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमधलं काम म्हणूनच मोलाचं आहे. अमेरिकेतल्या अंत्यसंस्कारगृहांनी मृतांच्या शरीरातून काढलेले 121 पेसमेकर दान केले. त्यांतले पुरेशी बॅटरी उरलेले 53 निर्जंतुक करून गरीब रुग्णांना बसवले गेले. जंतुसंसर्ग झाला नाही, यंत्रातही बिघाड आढळला नाही. डॉ. यश लोखंडवाला आणि सहकाऱ्यांनी पुढे 81 रुग्णांना असेच वापरलेले आयसीडी बसवल्याचा अहवाल 2012 मध्ये आला. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या हृदयाची गती त्या यंत्रांनी ऐनवेळी सावरली होती.

आपल्याकडेही दहनाआधी पेसमेकर काढून घ्यावाच लागतो, कारण आगीत त्याची बॅटरी फुटू शकते. घरच्यांनी डॉक्टरांना ते आठवणीनं सांगावं.

आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकरचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र कागदपत्रं समजावून सांगतो. उपचारासाठी जायचं तर अकोला वाशिमपासून सुमारे 80 किलोमीटर. समृद्धी महामार्गामुळे कारंजा, शेलूबाजारहून नागपूरही जवळ आलं आहे. यंत्र बसल्यावर मोबाइल वरच्या खिशात ठेवू नये, वेल्डिंग आणि चालू मोटारपंपापासून अंतर राखावं, एमआरआयपूर्वी यंत्राचं कार्ड दाखवावं आणि ठरलेली तपासणी चुकवू नये. एवढं पाळून माणूस डॉक्टरांच्या सल्ल्यानं शेतात पुन्हा कामाला लागू शकतो.

आता उणीव आहे ती पहिल्या पावलाची. घेरी येऊन गेलेल्या माणसाच्या मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ती पन्नासच्या खाली असेल, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढा. माणूस बेशुद्ध असेल, तर 108 ला फोन करा. नाडी ठीक लागली, तरी शुद्ध हरपली असेल तर ईसीजी टाळू नका. सलाइननं हार्ट ब्लॉक सुटत नाही, आणि पुढच्या वेळी पडलेलं माणूस उठेलच असं नाही.