घास मोजू नयेत, पण लिहावेत

आहाराची रोजनिशी ठेवणे ही गोष्ट ऐकायला जितकी सोपी, तितकीच निभवायला अवघड आहे. दिवसभरात आपण जे खातो-पितो ते वेळेसह वहीत टिपायचे, एवढेच तर काम. साखरेचा आजार जडलेल्यांना, वजन उतरवू पाहणाऱ्यांना, अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना डॉक्टर हे काम हमखास सांगतात. नवी वही येते, पहिल्या पानावर 'श्री' लिहिले जाते, चार-दोन दिवस अक्षरही वळणदार असते. आणि मग नव्याचे नऊ दिवस सरतात. दहाव्या दिवशी वही फडताळात जाऊन पडते. अशा अर्धवट वह्या आमच्या एका गल्लीतच मी तीन पाहिल्या आहेत. त्यांच्या मालकांना लोक आरंभशूर म्हणतात, मनोनिग्रह नाही म्हणतात. मला ते पटत नाही. आहाराची वही चार दिवसांत टाकून देणारी बाई दुधाचा हिशोब वर्षानुवर्षे बिनचूक ठेवते, हे आपण घरोघर पाहतो. तेव्हा दोष माणसाच्या निश्चयात शोधण्यापूर्वी वहीच्या घडणीत शोधावा, असे मला वाटते.

मुळात लिहायचे तरी कशाला? काय खाल्ले ते आपल्याला आठवत नाही का? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोधावे लागत नाही. आपल्या देशात १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरोघर जाऊन धान्य, डाळ, तेल किती लागले हे विचारतात. मागच्या तीस दिवसांचे विचारले तर एक आकडा येतो, आणि मागच्या सात दिवसांचे विचारून महिन्याचा हिशोब केला तर तो बहुधा मोठा येतो. १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच घरी विचारले गेले, आणि त्या आकड्यांवरून देशातील गरिबी किती कमी झाली याबद्दल अर्थतज्ज्ञांत पुढे कितीतरी वर्षे वाद चालला. माणसाची आठवण ही अशी गाळणी आहे. पोषणाची पाहणी करणारे लोक म्हणूनच फक्त काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचे विचारतात, आणि विचारताना ठराविक मापाच्या वाट्या समोर ठेवतात. कारण 'वाटीभर आमटी' म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या घरची वाटी असते.

सतराव्या शतकात इटलीतल्या पादुआ येथील सँक्टोरियस नावाच्या वैद्याने तर आठवणीवर मुळीच विसंबायचे नाही असे ठरवले. त्याने तराजूला टांगलेली खुर्ची करवून घेतली आणि खाण्यापूर्वी, खाल्ल्यानंतर, निजण्यापूर्वी स्वतःला तोलले; खाल्लेले अन्न तोलले आणि बाहेर पडलेला मळही तोलला. हा उद्योग त्याने सुमारे तीस वर्षे केला असे सांगतात. त्याचा ग्रंथ १६१४ साली निघाला. अशी चिकाटी लाखात एकाची. आपण तराजूवर बसायचे नाही, फक्त लिहायचे आहे.

आता वही बंद का पडते ते पाहू.

एक कारण उघड आहे. वही फार मागते. दवाखान्यातून मिळणाऱ्या छापील तक्त्यात पदार्थ, वजन ग्रॅममध्ये, तेल किती, शिजवण्याची रीत असे आठ-आठ रकाने असतात. दिवसभर राबून आलेल्या बाईने पिठल्यातले तेल ग्रॅममध्ये कसे सांगावे? पण याहून खोल कारण लाजेचे आहे. वही जेव्हा न्यायाधीश होऊन बसते तेव्हा माणूस तिच्यापुढे खोटे बोलू लागतो. अमेरिकेतील एक अभ्यास १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात आला. आपण अगदी थोडे खातो आणि तरीही वजन उतरत नाही, असे म्हणणारी ही माणसे होती. त्यांना एक विशेष प्रकारचे पाणी पाजून, नंतर लघवी तपासून, शरीराने खरोखर किती उष्मांक खर्च केले ते शास्त्रज्ञांनी काढले. खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी लिहिलेले निघाले! ही माणसे लबाड होती असे मी म्हणणार नाही. चिवड्याची मूठ लिहायची लाज वाटली की पहिल्यांदा ती मूठ वहीतून गळते, मग तो दिवस गळतो, आणि शेवटी वहीच गळते.

आपल्याकडे या लाजेला आणखी एक पदर आहे. खाणाऱ्याचे घास मोजू नयेत, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पाहुण्याच्या ताटाकडे टक लावून पाहणे वाईट, सुनेच्या भाकऱ्या मोजणे त्याहून वाईट. आमच्या आजीला आहाराच्या वहीचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "पोटाला खाल्लेलं लिवून ठिवायचं? आपन काय सावकार हाय का?" तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्या घरांत धान्य पुरवून पुरवून खाल्ले, तिथे खाण्याचा हिशोब हा अपमानाचा हिशोब असतो. परदेशी पुस्तकांत वही चालू ठेवण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत. ही अडचण मात्र तिथे मला कुठे आढळली नाही.

आता तो दुधाचा हिशोब घ्या. भिंतीवर दिनदर्शिका, तारखेच्या चौकोनात लिटर-अर्ध्या लिटरची खूण, खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. शाळेत न गेलेल्या बायकाही हा हिशोब ठेवतात. त्यात काय काय आहे ते नीट पाहावे. खूण लहान आहे, एका रेघेची. जागा हाताशी आहे. दूध पातेल्यात ओतले की दोन पावलांवर भिंत. वेळ ठरलेली आहे, कारण दूधवाल्याची हाकच आठवण देते. महिन्याच्या अखेरीस तो हिशोब विचारणारे कोणीतरी निश्चित येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दूध आले नाही तर त्यालाही खूण आहे. त्या दिवशी 'खाडा' लिहितात. खाडा पडला म्हणून कोणी दिनदर्शिका उतरवून ठेवत नाही. आहाराच्या वहीत मात्र एक दिवस कोरा गेला की आपण सगळे संपले असे समजतो.

लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला सवयींचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यात दिसले. कोणाला अठराच दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशोब अडीचशेच्या वर गेला. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही दिसले. म्हणजे आपल्या दूधवाल्याचा खाडा शास्त्रालाही मान्य आहे म्हणायचा.

हे सर्व मला सुचले ते आमच्या घरच्या कामामुळे. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला जाते. मागच्या वर्षी तिला चालताना धाप लागू लागली. तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. बाईमाणसाला ते निदान बारा हवे. आपल्याकडे हे नवलाचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ती काय खाते ते लिहून आणायला सांगितले. आमच्या घरात लिहिता येणारी मी. पण मी कॉलेजला जाते, आणि आई दुपारचे शेतात काय खाते ते मला दिसत नाही. रात्री विचारले तर "खाल्लं की गं भाकर-कालवण," एवढेच उत्तर मिळे. छापील तक्ता चार दिवसांनी थांबला.

मग आम्ही दुधाची रीत उचलली. जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पाने चुलीजवळच्या खिळ्याला अडकवली. भाकरीला गोल, अर्धी असेल तर अर्धा गोल. कालवणाला टिंब, पालेभाजीला पान, चहाला आडवी रेघ, गोळीला फुली. काही खाल्लेच नाही तर खाडा. या खुणा मी शिकवल्या असे नाही. पान काढायचे आईनेच ठरवले, कारण रांगोळीत तिला ते येते. शेतातले ती संध्याकाळी आल्याबरोबर, चूल पेटवण्याआधी काढी. आमच्या वस्तीवरच्या आशाताई आठवड्याने येतात. त्यांनी पान पाहायचे आणि फक्त विचारायचे, बोल लावायचा नाही, एवढी त्यांना विनंती केली. त्यांनी ती मनापासून पाळली. आईला पुढे पुढे त्यांच्या येण्याची वाटच असे.

तीन आठवड्यांच्या खुणा ओळीने लावल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली चहाची. जवळजवळ प्रत्येक जेवणाच्या गोलामागे लगेच आडवी रेघ होती, आणि गोळीची फुली त्या रेघेला चिकटून! गोळी चहाबरोबर घेतली जात होती. चहातील तुरट द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट उतरू देत नाहीत. उलट लिंबू, आवळा यांतील क जीवनसत्त्व ते उतरायला मदत करते. ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतील लोहाला तर ही मदत फारच लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे. ते असे चहात वाहून जाऊ देणे परवडणारे नाही. चहा बंद कर म्हटले असते तर आईने वहीच बंद केली असती. आशाताईंनी चहा तासभर पुढे ढकलायला सांगितला आणि गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. एवढे तिला जमले.

दुसरी गोष्ट रात्रीच्या जेवणाची होती, आणि ती वाचताना माझे मन थोडे थांबले. रात्रीच्या चौकोनात पान जवळजवळ कुठेच नव्हते. भाजी घरात होत नव्हती असे नाही. मेथी, करडई आठवड्यातून तीनदा तरी शिजे. पण आई सर्वांत शेवटी जेवते. तिच्या वाट्याला भाकरी आणि पातेल्याच्या तळाचा रस्सा येई. भावाच्या ताटात पान, माझ्या ताटात पान, तिच्या ताटात टिंब. इतकी वर्षे आम्ही एका घरात जेवतो, पण ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नव्हती, आणि तिने तर नव्हतीच नव्हती. तो कागद वडिलांनी पाहिला. ते म्हणाले काहीच नाहीत. पण तेव्हापासून भाजी उतरवली की आईची वाटी आधी भरून झाकून ठेवायची, असे घरात सुरू झाले. आजीनेही त्यावर सावकाराचे नाव काढले नाही.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन दहाच्या थोडे वर आले. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे, वहीचा किती हे वेगळे काढता येत नाही. तसा दावा मी करणार नाही. अमेरिकेत सुमारे सतराशे माणसांवर झालेल्या एका अभ्यासात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरले होते. पण जी माणसे मुळातच जिद्दीने पथ्य करतात तीच वहीही नेमाने लिहितात, असेही असू शकेल. वही स्वतः औषध नव्हे. ज्यांना घासाघासाला धसका बसतो, खाणेच नकोसे होऊ लागते, त्यांनी तर ती डॉक्टरांना विचारून ठेवून द्यावी हे बरे.

वाचकांपैकी ज्यांना हे काम अंगावर घ्यायचे असेल त्यांनी उत्साहाची वाट पाहू नये. प्रश्न एकच धरावा: गोळी कशाबरोबर जाते, किंवा रात्री जेवण किती वाजता होते, किंवा पोट दुखले त्याआधी काय खाल्ले होते. त्या प्रश्नाला लागेल तेवढीच खूण ठेवावी. पेन्सिल बांधून ठेवावी. सुटी पेन्सिल घरातल्या पोरांची होते, हा अनुभव सार्वत्रिक असावा. खाल्ल्याबरोबर लिहावे, रात्री आठवून लिहू नये. वाचणारे माणूस असे निवडावे की ज्याच्यापुढे चिवड्याची मूठ लिहायला संकोच वाटणार नाही. लिहिणे जन्मभर चालवायचेही कारण नाही. प्रश्नाचे उत्तर मिळाले की वही बंद करायला हरकत नसते, आणि तशी बंद केलेली वही अर्धवट म्हणवत नाही.

आमच्या घरी आता रोज खुणा होत नाहीत. आई महिन्यातून तीनच दिवस काढते: एक कामाचा, एक बाजाराचा आणि एक उपवासाचा. उपवासाच्या दिवशी तिने नवी खूण घातली आहे. साबुदाण्याला ती लहान लहान ठिपके काढते, आणि ते काढायला वेळ फार लागतो म्हणून त्या दिवशी थोडी कुरकुर करते.