मुलांचा आहार आणि पालकांचे निर्बंध

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. होसूर मार्ग व सर्जापूर मार्ग या दोन मार्गांवरून तिला हे नाव मिळाले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे तेथे राहतात. पूर्वी लाडवांचा डबा उंच फळीवर ठेवला, की मुलांच्या खाण्यास आपोआप आळा बसे. आज अशा वसाहतीत बिस्किटे, चॉकलेटे आणि गोड पेये मोबाइलवरून मागविताच काही मिनिटांत दाराशी येतात. त्यामुळे मुलांच्या खाण्यास मर्यादा कशी घालावी, हा प्रश्न पालकांपुढे नव्याने उभा राहिला आहे.

मर्यादा आवश्यक आहे, यात शंका नाही. वरून घातलेल्या साखरेतून, तसेच मध व फळांचा रस यांतील साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. दिवसाला १,४०० किलोकॅलरी लागणाऱ्या बालकाच्या बाबतीत ही मर्यादा ३५ ग्रॅम होते. कारण १ ग्रॅम साखरेपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम साखर असलेल्या पेयाच्या २५० मिलिलिटरच्या एकाच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले, ते याच कारणाने.

परंतु निर्बंधाची रीत चुकल्यास परिणाम उलटा होतो. अमेरिकेतील जेनिफर फिशर व लीन बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. खाऊ पारदर्शक बरणीत घालून मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवला, पण तो खाण्यास थोडाच वेळ मुभा दिली. मुले त्याच खाऊविषयी बोलू लागली, तो मागू लागली आणि मुभा मिळताच त्याकडे अधिक ओढली गेली. समोर दिसणारी, पण मना केलेली वस्तू अधिक हवीशी वाटते, असा याचा अर्थ होय.

अतिरेकी निर्बंध तर धोकादायकच ठरतो. १९८७ मध्ये अमेरिकेतील वैद्यांनी ७ ते २२ महिन्यांच्या सात बालकांची हकिगत प्रसिद्ध केली. पुढे लठ्ठपणा किंवा हृदयविकार जडेल या भीतीने त्यांच्या पालकांनी त्यांचा आहार कमी केला होता. परिणामी त्या बालकांची वाढ खुंटली; पुरेसा आहार सुरू होताच ती पुन्हा वाढू लागली. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. म्हणून या वयात दूध, तूप, तेल यांतील स्निग्धांश तोडणे हितावह नाही.

मग मार्ग कोणता? अमेरिकेतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२८ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याचे उत्तर सापडते. नुकत्याच दूध सुटलेल्या पंधरा बालकांना ३४ साध्या पदार्थांतून हवे ते निवडू दिले. कोणते पदार्थ किती खावेत, याचा आग्रह कोणी धरला नाही. सर्व बालकांची वाढ चांगली झाली. यातील मर्म असे, की त्या यादीत साखर किंवा साखरेचे पदार्थ मुळीच नव्हते. यादी मोठ्यांनी ठरविली होती. निवड तेवढी बालकांची होती.

तेव्हा निर्बंध ताटापाशी न घालता खरेदीच्या वेळी घालावा. घरात काय आणावे आणि खाण्याच्या वेळा कोणत्या, हे पालकांनी ठरवावे. वरण-भात, भाकरी, भाजी, दही, फळे यांपैकी किती खावे, हे मुलांच्या भुकेवर सोडावे. "भाजी संपव, मग चॉकलेट देईन" असे आमिष दाखवू नये. त्यामुळे चॉकलेटचे मोल वाढते आणि भाजी शिक्षा ठरते. सणासुदीची पुरणपोळी सर्वांनी मिळून आनंदाने खावी. मुलाच्या वजनाविषयी चिंता वाटल्यास आहार परस्पर कमी न करता उंची व वजन यांची नोंद घेऊन वैद्यांचा सल्ला घ्यावा.