अश्वारोहण : मांड आणि आत्मविश्वास

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे जनावराचे दात, खूर, चाल सारे पारखून घेतले जाते. स्वाराची पारख मात्र एकाच गोष्टीवरून होते आणि तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : मांड. घोड्याच्या पाठीवर स्वाराची बैठक किती स्थिर आणि सैल आहे, हे त्या एका शब्दात येते. शिलेदार व बारगीर यांच्या काळापासून हा शब्द आपल्याकडे रुळला असला, तरी त्यामागील शास्त्राची ओळख आज फारच थोड्यांना आहे.

घोड्यावर बसण्यास प्रथम धाडस लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. नवशिक्यास वाटणारे भय हे बहुधा तोल न सापडल्याचे भय असते. तोल सापडला की ते आपोआप ओसरू लागते. नुसत्या 'भिऊ नकोस' या उपदेशाने ते जात नाही. म्हणून आत्मविश्वासाचे शिक्षण हे प्रत्यक्षात मांडीचेच शिक्षण होय.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावर लिहिताना स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये, तर पाय फाकवून ताठ उभे राहिल्यासारखे असावे, असे सांगितले होते. आजचे प्रशिक्षकही तेच सांगतात. बाजूने पाहिले असता स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यावयास हवीत. घोडा अकस्मात पायांखालून काढून घेतला, तर स्वार जमिनीवर पायांवर उभा राहिला पाहिजे, अशी ही कसोटी आहे. पायाचा चवडा रिकिबीवर, टाच किंचित खाली आणि दृष्टी घोड्याच्या मानेवर नव्हे, तर पुढच्या वाटेवर असावी. रिकिबीची लांबी मोजण्याची युक्ती सोपी आहे : बोटांची टोके पट्ट्याच्या वरच्या बकलावर टेकवून हात ताठ धरला असता रिकीब काखेपर्यंत पोहोचावी.

चुका होतात त्या भीतीपोटी. घाबरलेला मनुष्य श्वास रोखतो, गुडघे आवळतो आणि पुढे वाकतो. गुडघे आवळले की बूड खोगिरावरून वर उचलले जाते व टाच वर येते; म्हणजे घट्ट धरण्याच्या प्रयत्नातच धरण सुटते. पुढे वाकल्याने भार घोड्याच्या खांद्यांवर जातो, पोटऱ्या त्याच्या कुशीला टोचतात आणि घोडा त्याचा अर्थ 'वेग वाढव' असा घेतो. मग स्वार लगामाला लोंबकळतो. लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडातील लोखंडी कडीला असते. ती जिभेवर व हिरड्यांवर दाबली जाते, वेदनेने घोडा मान उडवतो, आणि लोक घोड्याला द्वाड म्हणून मोकळे होतात. पुष्कळ 'द्वाड' घोड्यांची कथा एवढीच असते.

यावर उपाय म्हणजे हाताला तोल सांभाळण्याच्या कामातून मुक्त करणे. त्यासाठी घोड्याला लांब दोरीवर प्रशिक्षकाभोवती वर्तुळात फिरवतात. घोडा प्रशिक्षकाच्या ताब्यात असतो. स्वाराकडे लगाम नसतो, पुढे रिकिबीही काढून घेतात. स्वाराने हात पसरावेत, खांदे फिरवावेत, एक हात विरुद्ध पायाच्या बोटांकडे न्यावा, मोठ्याने अंक मोजावेत. अंक मोजण्याचे प्रयोजन असे की, बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. व्हिएन्ना येथील सुप्रसिद्ध स्पॅनिश अश्वशाळेत उमेदवारांना आरंभीचा दीर्घ काळ याच पद्धतीने, लगाम व रिकिबीवाचून बसविले जाते. चार दिवसांत भरधाव दौडण्याची घाई असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

संथ चालीत मांड स्थिरावली, की दुडक्या चालीकडे वळावे. या चालीत घोड्याचा पुढचा एक व विरुद्ध बाजूचा मागचा एक पाय एकदम पडतो, त्यामुळे पाठीला दोन ठेक्यांचे हिसके बसतात. एका ठेक्याला किंचित उठणे व दुसऱ्याला हलकेच बसणे साधले की हिसका उरत नाही. बहुतेक शिकणाऱ्यांच्या मनातील भय याच टप्प्यावर सुटते.

या शिस्तीचे फळ २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत दिसले. स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याच्या चाली दाखविण्याच्या 'ड्रेसाज' या प्रकारात भारतीय चमूने सांघिक सुवर्णपदक मिळविले. त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. अश्वारोहणातील यापूर्वीची सुवर्णपदके १९८२ च्या दिल्ली स्पर्धांतील होती.

शाळेत हा उपक्रम सुरू करणाऱ्या मुख्याध्यापकांनी, तसेच यात्रेत किंवा पर्यटनस्थळी मुलांना घोड्यावर बसविण्यास परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायतींनी काही गोष्टी पाहणे अगत्याचे आहे. हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण नसेल, तर मुलास घोड्यावर चढवू नये. पायात चप्पल नको. लहानशी टाच असलेला बूट हवा, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. खोगिराचा तंग चढण्यापूर्वी आणि थोडे चालल्यावर असा दोनदा तपासावा, कारण तंग आवळताना पोट फुगवून धरण्याची खोड अनेक घोड्यांना असते. घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे.

पडलेल्या मुलाला लगेच पुन्हा वर चढवावे, असा एक जुना प्रघात आहे. त्यात तथ्य आहे, पण डोक्याला मार लागला असल्यास, चक्कर किंवा ओकारी येत असल्यास मुलाला प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. मार नसेल, तर त्याच दिवशी त्याच घोड्यावर, परंतु लांब दोरीवर आणि केवळ संथ चालीने दोन-चार फेऱ्या द्याव्यात.